ज्या वाटेला तिथी आहे

खानदेशात ट्रेकिंग रुजलं नाही, अशी तक्रार जळगाव-धुळ्याच्या शिकल्यासवरल्या मंडळींत अधूनमधून ऐकू येते. पुण्या-मुंबईची पोरं शनिवार-रविवारी पाठीला सॅक अडकवून राजगड, हरिश्चंद्रगड करतात आणि आमची पोरं मेहरूण तलावाला एक फेरी मारून शेवभाजी खायला बसतात, असा तिचा सूर. ही तक्रार करणाऱ्याने चैत्रात एकदा धुळ्याच्या पुढे मालेगाव रस्त्यावर उभं राहावं. सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवाला निघालेली माणसं रात्रंदिवस त्या डांबरावरून जात असतात. खांद्यावर भगवा झेंडा, पाय अनवाणी, एखाद्याच्या टाचेला चिंधी गुंडाळलेली, पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकर. ऊन चाळिशीच्या वर गेलेलं. दर थोड्या अंतरावर कुणी ना कुणी मंडप टाकलेला असतो. तिथे मठ्ठा मिळतो, कलिंगडाच्या फोडी मिळतात, पायांना चोळायला तेल मिळतं. कुणी नाव विचारत नाही, पावती फाडत नाही.

चालण्याचा कंटाळा असलेला हा प्रांत नव्हे. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते आणि महिन्याहून अधिक चालून पंढरपूर गाठते. अमळनेरहून सखाराम महाराजांची पालखी निघते. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर अश्वत्थाम्याच्या दर्शनाला तरुण पोरांचे जथे चढतात. तो डोंगर आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता, तेव्हा त्याला आपला म्हणायला हरकत नसावी. या यात्रेत वाट चुकलेल्याला खुद्द अश्वत्थामा वाट दाखवतो अशी श्रद्धा आहे. चिरंजीव वाटाड्या असलेला ट्रेक सह्याद्रीवाल्यांकडे तरी आहे का, हे त्यांनाच विचारावं. आणि धुळ्याच्या उशाला, लळिंगच्या जंगलातल्या लांडोर बंगल्यावर, ३१ जुलैला भीमस्मृती यात्रा भरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले असताना इथे मुक्कामी होते, त्या आठवणीसाठी दरवर्षी माणसं येतात. जुलैअखेरीस लळिंगचा डोंगर हिरवा झालेला असतो. निळे झेंडे, पोरंबाळं, डबे, भजनं, पुस्तकांची दुकानं. सार्वजनिक डोंगरावर सामान्य माणसांनी हक्काने साजरा केलेला दिवस याहून वेगळा काय असतो?

या सगळ्या चालण्यांना एक तिथी आहे. कुणी परिपत्रक काढलं नाही तरी माणसं त्या दिवशी येतात, आणि वर्षातून एकदा का होईना, हजारो पाय एकाच वाटेवर पडतात म्हणून ती वाट जगते. माझं म्हणणं असं की जळगाव-धुळ्याच्या डोंगरवाटा वाचवायच्या असतील, तर त्यांना बाहेरून आणलेला कार्यक्रम चिकटवण्यापेक्षा तिथी द्यावी. आणि आपल्या यात्रांत आजवर ज्या दोन गोष्टी राहून गेल्या, त्या या नव्या तिथीत पहिल्यापासून घालाव्यात. एक म्हणजे वाटेची डागडुजी, दुसरी सरकारी दप्तरातली नोंद.

तिथीला किती वजन असतं ते सरकारच्याच कामातून दिसतं. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणारे दोन पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून बांधायला घेतले गेले, नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्यांची पायाभरणी झाली. महामार्गाच्या आराखड्यात पायी चालणाऱ्यांसाठी कडेला वेगळी पट्टी धरलेली होती. आपल्या देशात महामार्ग आखताना पायी माणसाचा विचार सहसा कुणी करत नाही. इथे करावा लागला, कारण तो माणूस दरवर्षी ठरलेल्या दिवशी लाखोंच्या संख्येने येणारच हे सगळ्यांना ठाऊक होतं. सप्तशृंगीला जाणाऱ्या खानदेशी माणसाच्या वाट्याला अजून ती पट्टी आलेली नाही. तो ट्रकच्या हवेचा झोत अंगावर घेत चालतो, आणि दरवर्षी चैत्रात वर्तमानपत्रात एखादी वाईट बातमी येते. शेताशेतांतून, गावागावांतून जाणारे जुने गाडीमार्ग तुटत गेले म्हणून तो या डांबरावर आला. अस्तंब्याच्या बाबतीतही तेच दिसलं. २०२५ च्या दिवाळीत तिथून परतणाऱ्या यात्रेकरूंची गाडी चांदशैली घाटात कोसळली आणि माणसं गेली. चढताना-उतरताना त्यांना डोंगराने काही केलं नव्हतं.

आता तिथी नसलेल्या वाटेकडे या. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला पाटणादेवी आहे. देवीच्या नवरात्राला गर्दी होते, पावसाळ्यात धवलतीर्थाचा धबधबा बघायला गाड्या लागतात. पण देवळापलीकडची वाट, कण्हेरगडाच्या अंगावरच्या नागार्जुन आणि सीतेची न्हाणी या लेण्यांकडे जाणारी, किंवा दरीतून वर पितळखोऱ्याकडे चढणारी, ती कुणाच्या हिशेबात नाही. वास्तविक ती साधी वाट नव्हे. पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या दानाचा कोरीव लेख आहे. अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणारा हा माणूस पैठणहून येऊन सातमाळा डोंगररांगेच्या कड्यात दान देतो, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरातून माल आणि माणसं जात-येत होती. पुढे देवीच्या याच पाटणे गावात, १२०७ साली, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्या मठाचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यातला काही भाग जुन्या मराठीत आहे आणि मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो, कारण त्यात बाजारातल्या उलाढालीतून आणि तेलाच्या घाण्यांतून मठाला किती द्यायचं ते बांधून दिलं आहे. सगळ्यांच्या उपयोगाची गोष्ट नुसत्या भक्तिभावावर चालत नाही, तिला घाण्यामागे पळीभर तेल लागतं, हे आठशे वर्षांपूर्वीच्या पाटण्याला कळत होतं.

या डोंगरातून इंग्रजांनी घाट काढला आणि त्याला औट्रम साहेबाचं नाव लागलं, खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा तोच जेम्स औट्रम. १९८६ साली अभयारण्य झालं तेव्हाही गौताळ्याबरोबर औट्रमघाट हे नाव राहिलं. साहेबाच्या घाटावरून आज महामार्ग जातो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस ढगफुटीसारखा पाऊस होऊन याच घाटात, म्हणजे कन्नड घाटात, दरडी कोसळल्या तेव्हा सरकारची सगळी यंत्रणा तिथे धावली, आणि धावायलाच हवी होती. पण त्याच पावसाने शेजारच्या किती पायवाटा खाल्ल्या, याचा पंचनामा कुणी केला असेल असं वाटत नाही. रस्त्याला मालक असतो, वाटेला नसतो.

मालक मिळवून देण्याचा सोपा मार्ग म्हणून हल्ली कार्यक्रमांकडे बोट दाखवलं जातं. एक रविवार ठरवायचा, टी-शर्ट छापायचे, प्रायोजक गाठायचा, झेंडा दाखवायला पाहुणा बोलवायचा, दहा वाजेपर्यंत सगळं आटोपून पदकासह फोटो टाकायचा. शहरात अशी धावण्याची शर्यत झाली तर तक्रार नाही, त्यानिमित्ताने माणसं पहाटे उठतात. पण डोंगरावर हाच साचा नेला की घोटाळा होतो. शर्यतीत कौतुक धावणाऱ्याचं होतं. तो पुढच्या वर्षी दुसऱ्या डोंगरावर पळेल. वाटेला त्यातून मिळतात रंगाचे बाण आणि पाण्याच्या बाटल्या.

अमेरिकेत १९९३ पासून जूनच्या पहिल्या शनिवारी पायवाटांचा राष्ट्रीय दिवस पाळतात. लोक चालतात, आणि बरेच जण कुदळ-फावडं घेऊन वाट दुरुस्त करतात. तो दिवस तिथे चालतो कारण त्याच्या मागे वर्षभर राबणारे हात आहेत. साडेतीन हजार किलोमीटरच्या अ‍ॅपलाचियन वाटेचे तुकडे तीसेक क्लबांनी वाटून घेतलेत आणि प्रत्येक तुकड्याला नाव घेऊन जाब विचारता येईल असा कुणीतरी आहे. नक्कल करायची तर ती या वाटणीची करावी. तारखेची करू नये. जूनचा पहिला शनिवार जळगावात केवळ घामाचा असतो.

मग तारीख कोणती? याचं उत्तर पंचांगात शोधण्याआधी जंगलात शोधावं. आपलं जंगल पानगळीचं. साग, सालई, धावडा, अंजन, पळस. पावसाळा सरला की कमरेएवढं गवत वाळतं, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम धरला जातो. त्याआधी वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे ठरावीक पट्ट्यातलं गवत काढून किंवा सांभाळून जाळून टाकतं, की आग आली तर तिथे अडावी. डोंगरावरची पायवाट साफ केली तर तीही छोटी जाळरेषाच होते. तेव्हा जानेवारीचा शेवट ही आमची वेळ. थंडी असते, गवत वाळलेलं असतं, कापसाची बहुतेक वेचणी उरकलेली असते. शिवाय भरताचा हंगाम असतो. खानदेशाला सामुदायिक सहल कुणी शिकवायला नको. बामणोदची हिरवी वांगी, शेतात पऱ्हाट्यांचा जाळ, भाजलेल्या वांग्यांची साल काढून लाकडी दांडक्याने ठेचायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि पंगत केळीच्या पानावर कळण्याच्या भाकरीशी. फक्त जाळ डोंगराखाली, शेतातच करायचा. वणवा टाळायला गेलेल्या माणसांनी वांगी भाजता भाजता डोंगर पेटवला अशी बातमी यायला नको.

आणि काम काय करायचं? इथे जरा थांबायला हवं, कारण श्रमदान म्हटलं की आपल्याकडे चुना मारणं आणि पायऱ्या बांधणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. लळिंगच्या चढावर पाहा. उतारावरची वाट पाण्याला आवडते. पहिल्या पावसात पाणी तिलाच धरून खाली येतं, पुढच्या पावसाळ्यात ती घोटाभर खोल होते, आणखी एक-दोन वर्षांत तिचा ओहोळ होतो, मुरूम वाहून जातो आणि तळाशी गोटे उघडे पडतात. माणसं मग काठाने चालू लागतात, काठावरचं गवत मरतं, आणि एका वाटेच्या तीन होतात. यावर इलाज आहे दगडांची तिरकी ओळ. दर वीस-पंचवीस पावलांवर वाटेला तिरका छेद देईल अशी दगडांची रांग, प्रत्येक दगड निम्म्याहून जास्त जमिनीत गाडलेला, आणि खालच्या टोकाला पाणी झाडीत सोडायला हातभर चारी. रांग सरळ आडवी टाकली तर पाणी मागे तुंबतं आणि बगल देऊन निघून जातं. पावसाळ्याआधी त्या चारीतला गाळ काढायचा. पहार, कुदळ, घमेलं आणि दगडाची पारख असलेला एक माणूस एवढ्यात हे काम होतं. पेव्हर ब्लॉक लागत नाहीत, लोखंडी कठडा लागत नाही. डोंगरातल्या देवस्थानाचा विकास म्हणजे वाहनतळ आणि स्वागतकमान, ही समजूत ज्या कंत्राटांतून आली त्या कंत्राटांना अर्थातच तिरक्या दगडांत रस नसतो.

दगडाची पारख असलेला तो माणूस कोण, हा अवघड प्रश्न आहे. शहरी स्वयंसेवक नव्हे. डोंगराची नस भिल्ल, पावरा, तडवी, कोकणा माणसाला कळते, आणि त्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत गेलेली असतात. ज्या जानेवारीत आपण उत्साहाने कुदळ उचलणार, त्या जानेवारीत वाटेचा खरा जाणकार सुरतेकडच्या फडात ऊस तोडत असतो. त्याला गावात राहूनही रोजी मिळाली पाहिजे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, सगळ्या देशाने तो पुढे आपल्याकडून घेतला. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते ही कामं त्यात झाली. डोंगरवाटेची दुरुस्ती हे मृद्संधारणाचंच काम आहे, कारण ओहोळ झालेली वाट डोंगराची माती खाली नेते. मग ते मजुरीच्या कामांच्या यादीत का नसावं? शहरातून येणाऱ्यांनी एक दिवस हात लावावा, शिकावं, भाकरी खावी. बाकीच्या दिवसांची मजुरी द्यायची व्यवस्था व्हावी. श्रमदान हा शब्द ज्याचं पोट भरलेलं आहे त्यालाच शोभतो.

गर्दीचं काय, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. यावल आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत, सगळ्याच वाटा सगळ्यांसाठी उघडाव्यात असं मी म्हणणार नाही. यात्रा संपल्यावर मागे काय उरतं हेही आपण पाहतो: द्रोण, प्लास्टिक, आणि स्पीकरने उठवलेली पाखरं. पण गर्दीला नियम लावणारा कोण, यावर सगळं अवलंबून असतं. साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड झालेलं जवळपास अकराशे एकर जंगल राखलं, चराई आणि तोडीचे नियम गावाने केले, दंडही गावानेच लावला. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. तिथे वीसेक वर्षांपासून वनभाज्यांची पाककला स्पर्धा होते. आदिवासी बायका रानातल्या भाज्या, कंद रांधून मांडतात, बाहेरची माणसं बघायला आणि चाखायला येतात. म्हणजे हाही मोकळ्यावरचा सामुदायिक दिवस. मात्र यजमान गाव आहे. पाहुण्याने कुठे जायचं, काय आणायचं नाही, हे गाव ठरवतं. या स्पर्धेमुळे कोणती भाजी कुठल्या उतारावर उगवते हे ज्ञान पुढच्या पोरींकडे जातं, आणि जंगल राखण्याचं कारण स्वयंपाकघरात पोचतं. पन्नास पावलांमागे एक सुरक्षारक्षक उभा करूनही जे साधणार नाही ते यजमानपणाने साधतं. धबधब्यांवर दर पावसाळ्यात जमावबंदी लावणाऱ्या प्रशासनाने बारीपाड्याची एक सहल काढायला हरकत नाही.

आता नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची, तिच्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते आणि वाटा शासनाच्या मालकीच्या आहेत. गावनकाशावर पायमार्ग तुटक रेषेने दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागण्याची सोय १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यात आहे, तीही सहा महिन्यांच्या आत. कागदावर पायी माणूस इतका अनाथ नाही. अडचण अशी की भांडण होतं ते ट्रॅक्टरच्या वाटेसाठी. २०२५ मध्ये महसूल खात्याने शेतरस्ते किमान तीन-चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी असं ठरवलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने निर्णय चांगला आहे, ऊस आणि केळी डोक्यावरून नेता येत नाहीत. पण ज्या वाटेने फक्त माणूस, बकरी आणि देवीचा झेंडा जातो, तिच्यासाठी कोण अर्ज करणार? अर्ज करायला अडलेला माणूस लागतो, आणि वाट मोडली की तो महामार्गावरून जातो, अडत नाही.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट उलट बाजूने घडली. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या डोंगरावर काहीशे कामगार तरुण मुद्दाम घुसले. डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. सतरा वर्षांनी, १९४९ च्या कायद्याने, तिथल्या जिल्हा परिषदांना आपल्या हद्दीतल्या पायवाटा मोजून अधिकृत नकाशावर आणायला लावलं, आणि ते काम गावोगावच्या लोकांनी चालत केलं. एकदा नकाशावर रेघ आली की शेत विकलं गेलं तरी वाट राहते. आपल्याकडे रेघ आधीपासून आहे, चालणारेही आहेत, दोघांची गाठ पडलेली नाही.

ती गाठ घालायला एक सरकारी तारीखही तयार आहे. २६ जानेवारीला ग्रामसभा होते. पाटण्याच्या, लळिंगच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांनी त्या दिवशी गावनकाशा भिंतीला लावावा, तुटक रेषा मोजाव्यात, आणि सभा संपल्यावर म्हाताऱ्यांना पुढे घालून त्यातली एक रेष चालून पाहावी. जी वाट चालता येते तिच्यासाठी ठराव, जी अडली आहे तिच्यासाठी तहसीलदाराकडे अर्ज, आणि जी ओहोळ झाली आहे तिथे त्यानंतरच्या रविवारी कुदळ. शहरातल्या चालणाऱ्यांनी त्या रविवारी यावं, गावाने बोलावलं तर.

एक गोष्ट मात्र अवघड जाणार आहे. ज्या शेतकऱ्याने बांध सरकवत सरकवत पायमार्ग पोटात घेतला, तो त्याच सभेत बसलेला असणार, बहुधा पुढच्या रांगेत. तो म्हणेल, आता कोण चालतं तिथून? त्यावर कलम २० वाचून दाखवण्याचा फारसा उपयोग नाही, त्याच्याकडे त्याहून चांगला वकील असेल. पण त्याच्याच घरातलं कुणीतरी चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी जाणारं असतं. त्या माणसाला सभेत बोलू द्यावं.